रायटर दिला म्हणजे कॉलेजची जबाबदारी संपली का?

प्रश्न : मी पूर्ण दृष्टिहीन आहे. मराठवाड्यातल्या एका अनुदानित कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. सर हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, नाहीतर स्कॅन केलेली पीडीएफ देतात. माझा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यातलं काही वाचत नाही. टाईप केलेल्या नोट्स मागितल्या तर "एका मुलीसाठी वेगळं काम कोण करणार?" असं ऐकावं लागलं. तासाचं रेकॉर्डिंग करू देत नाहीत. पुस्तक स्कॅन करून मागितलं तर ग्रंथालयात कॉपीराईटचं कारण सांगतात. प्राचार्य म्हणाले, "परीक्षेला उत्तरं लिहायला रायटर देतो, वेळ वाढवून देतो, आणखी काय हवं?" अंतर्गत परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. कोर्टात जावं का?

उत्तर : तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेली पीडीएफ मी माझ्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून उघडली. चौदा पानं आहेत, आणि पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत मशीनच्या लेखी कागद कोरा. दुसरी फाईल वर्डची होती म्हणून बरं वाटलं, पण ती जुन्या, युनिकोड (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी अक्षरं मराठीच म्हणून ओळखू येणारी पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली निघाली. डोळ्यांना "मागणीचा नियम" दिसतं आणि कानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरं पडतात. म्हणजे नोट्स दिल्याची नोंद कॉलेजच्या दप्तरी होते आणि तुमच्या हाती काहीच येत नाही. तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि कायदा तुमच्या बाजूने आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 यातलं कलम 16 वाचा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने दिव्यांग विद्यार्थ्याला त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची, आणि अंध विद्यार्थ्यांना त्यांना योग्य अशा भाषेतून आणि माध्यमातून शिकवलं जाईल हे पाहायचं, असं ते कलम सांगतं. जादा वेळ आणि लेखनिक (रायटर) यांचा उल्लेख पुढच्या कलम 17 मध्ये आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा वेळ ताशी किमान 20 मिनिटं. प्राचार्य परीक्षेपुरतं बोलताहेत. कायदा मात्र वर्गापासून सुरू होतो. वर्षभर जे वाचायलाच मिळालं नाही, ते रायटरला सांगणार तरी काय?

याच कायद्यात भेदभावाची जी व्याख्या आहे, तिच्यात वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच धरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार प्रकरणात हाच मुद्दा ठामपणे मांडला. ते प्रकरण रायटर्स क्रॅम्प असलेल्या, म्हणजे लिहिताना हात आखडणाऱ्या, एका उमेदवाराला लेखनिक नाकारण्याचं होतं, पण वाजवी सोयीबद्दल न्यायालय जे बोललं ते तुम्हालाही लागू पडतं. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

आता कॉलेज काय म्हणेल तेही सांगतो. संस्थेवर अवाजवी बोजा पडत असेल तर सोय नाकारता येते, हे कायद्यातच आहे. उद्या सकाळपर्यंत चारशे पानी पुस्तक टाईप करून द्या म्हणालात, तर ते मान्य होणार नाही. पण रोजच्या नोट्स युनिकोडमध्ये टाईप करून देणं हा बोजा कसा होईल? सरांना टाईप करता येत नसेल तर ते काम कॉलेजने ऑफिसमधल्या कुणाकडे तरी द्यावं, तुम्ही मैत्रिणींच्या मिनतवाऱ्या करायच्या नाहीत. कुणी असंही सांगेल की मोफत पुस्तकं फक्त अठरा वर्षांपर्यंत आहेत. ते खरं आहे, पण तुम्ही फुकट पुस्तक मागत नाही आहात, वाचता येईल अशी प्रत मागताय. दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका.

कॉपीराईटचं कारण तर अजिबात टिकणारं नाही. कॉपीराईट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. कलम 52(1)(झेड-बी) प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणीही पुस्तकाची सुलभ प्रत करू शकतं, शिक्षणासाठी ती तिला देऊही शकतं. त्याला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला तर भारताने 2014 मध्ये सगळ्या देशांच्या आधी मान्यता दिली. ग्रंथपालांना हे कलम छापून नेऊन द्या. बहुतेक वेळा नकारामागे दुष्टावा नसतो, भीती असते.

रेकॉर्डिंगबद्दल थेट नाव घेऊन सांगणारं कलम नाही. तिथे वाजवी सोय म्हणूनच मागायचं, आणि "हे रेकॉर्डिंग फक्त माझ्या अभ्यासासाठी वापरीन, कुणाला पाठवणार नाही" असं हमीपत्र आपणहून जोडायचं. सरांची अडचण बहुधा तिथेच असते.

आलेखांची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिलीत, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. फळ्यावर बोट ठेवून "ही रेषा इकडे सरकली की किंमत इथून इथे येते" असं सर म्हणतात. त्याऐवजी "मागणीची रेषा उजवीकडे सरकली, पुरवठ्याची होती तिथेच राहिली, म्हणून किंमत वाढली" एवढं म्हटलं तर तुम्हाला कळेल, आणि मागच्या बाकावरून फळा न दिसणाऱ्यालाही. याला एक पैसा लागत नाही. अर्जात हेच उदाहरण घाला. "दिव्यांगस्नेही शिक्षण द्यावे" असं मोघम लिहिलं तर अर्ज फायलीत जाऊन पडतो.

लगेच कोर्टात जाऊ नका. आधी प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. यूडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) प्रत, न वाचता येणाऱ्या दोन फायली आणि तारखांसह आजवरच्या तोंडी मागण्या जोडा. काय हवं ते स्पष्ट लिहा: प्रत्येक घटकाच्या नोट्स युनिकोडमधल्या वर्ड फाईलमध्ये, वर्गात देतात त्याच दिवशी. अंतर्गत परीक्षेच्या घटकांसाठी सात दिवसांची मुदत द्या. तोवर नोट्स मिळाल्या नाहीत तर परीक्षा पुढे ढकलून वेगळी घ्यावी, हीही मागणी त्याच अर्जात असू द्या.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या विनियमांप्रमाणे असलेल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. सोबतच पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पाठवा. ते चौकशी करून शिफारस करतात, आणि ती मान्य नसेल तर तीन महिन्यांत कारणं कळवावी लागतात. हा रस्ता संथ आहे, पण आयुक्तांची नोटीस आली की कॉलेजची भाषा बदलते, हे मी पाहिलं आहे. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तुम्हाला दंड नको आहे, नोट्स हव्या आहेत, तेव्हा अर्जात दंडाची धमकी घालू नका. त्याच सरांच्या वर्गात तुम्हाला पुढची दोन वर्षं बसायचं आहे.

वर्ष वाया जाण्याची वेळ आली तर मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाता येतं. वकिलाच्या फीची काळजी नको. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय असतं.

अर्ज या सोमवारीच द्या, दोन प्रती न्या. आवक क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर पडला का, हे सोबतच्या माणसाकडून तिथेच वाचून घ्या, आणि तोच अर्ज कॉलेजच्या ईमेलवरही पाठवून ठेवा.