कॉल लेटर्स सोडण्याची घाई नको

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे रेडिओ स्टेशन जुनी गाणी बंद करून चर्चांकडे वळणार आहे आणि त्याबरोबर कॉल लेटर्सही, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरेही, बदलावीत असा मार्केटिंगवाल्यांचा आग्रह आहे, असे तू कळवलेस. माझे मत आधीच सांगतो: फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमांचा प्रकार, खुशाल बदला, पण अक्षरे राहू द्या.

शिकागोच्या डब्ल्यूएलएसचेच पाहा. सीअर्स कंपनीच्या ‘वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर’ या बिरुदावरून १९२४ साली घेतलेली ही अक्षरे. पुढे कंपनीने स्टेशन विकले, शेतकऱ्यांचे कार्यक्रम जाऊन १९६० मध्ये रॉक संगीत आले आणि १९८९ मध्ये तेही जाऊन चर्चा आल्या, तरी अक्षरे हलली नाहीत. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीनेही १९८२ मध्ये गाणी थांबवताना हेच केले.

याहून बोलके उदाहरण डब्ल्यूसीबीएस-एफएमचे आहे. जून २००५ मध्ये तिथे जुन्या गाण्यांऐवजी ‘जॅक’ नावाचा, निवेदकांना रजा देणारा फॉरमॅट आला आणि नेहमीचे श्रोते भलतेच संतापले. परंतु अमेरिकी नियमानुसार दर तासाच्या सुरुवातीला कॉल लेटर्स आणि लगेच परवान्यातील गावाचे नाव सांगावेच लागते. परवान्यावरची अक्षरे बदललेली नसल्यामुळे ती तेवढ्यापुरती ऐकू येत राहिली. जुलै २००७ मध्ये जुनी गाणी परतली, तेव्हा नाव शोधायची वेळ आली नाही. याउलट लॉस एंजेलिसच्या केएचजेने १९८६ मध्ये अक्षरे सोडली आणि ९३० किलोहर्ट्झवर ती पुन्हा आली ती थेट २००० साली, स्पॅनिश कार्यक्रमांसाठी.

अपवाद आहेतच. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १०५० किलोहर्ट्झवरच्या, कंट्री या अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या डब्ल्यूएचएनचे चोवीस तास खेळाचे डब्ल्यूएफएएन झाले. नवे स्टेशन कोणासाठी आहे हे ‘फॅन’ (चाहता) या अक्षरांतच कळत होते, म्हणून तो बदल मला पटतो. अक्षरांत दुसऱ्या कंपनीचे नाव दडलेले असेल, तर मात्र ती वापरण्याचा हक्क तुमच्याकडे किती काळ आहे, हे करारात आधी पाहून घे.

तुमच्या गावात श्रोतृसंख्या कशी मोजली जाते, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारणार नाही. तो तू विचार. मोठ्या शहरांत अंगावर बाळगायचे मीटर प्रसारणातला सांकेतिक ध्वनी टिपते, तिथे श्रोत्याच्या स्मरणावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. पण जिथे अजून डायरी भरून घेतात, तिथे माणूस आठवडाभर काय ऐकले ते आपल्या हाताने लिहितो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीची चार अक्षरे त्याला नव्या चकचकीत नावाआधी आठवतात. गाव डायरीचे असेल, तर नवे नाव जिंगलमध्ये वाजवा आणि त्याला जुनी अक्षरे जोडूनच ठेवा. मीटरचे असले, तरी ती निदान तासाच्या घोषणेत राहू द्या. ठेवायला काही खर्च नाही, आणि एकदा सोडली की दुसरे स्टेशन ती मागून घेऊ शकते.

करारातले ते कलम आणि मोजणीची पद्धत, दोन्ही मालकांच्या बैठकीपूर्वी मला कळव.

तुझा शुभचिंतक