सोलापुरात एसी न लावता राहता येईल असं घर बांधता येतं का?

तुम्ही विचारलंय की जुळे सोलापुरात ३० बाय ४० चा पश्चिममुखी प्लॉट आहे, दोन मजले काढायचेत, एसी बसवायची इच्छा नाही आणि काँट्रॅक्टर म्हणतोय, "पीओपी करून घ्या, खोली गार राहते."

मी इंजिनिअर नाही. २०१४ साली विजापूर रोडच्या बाजूला घर बांधलं तेव्हा आठ महिने रोज सायटीवर उभा होतो, आणि त्यानंतरचे सगळे उन्हाळे त्याच घरात काढलेत, एवढीच माझी पात्रता.

पीओपीने, म्हणजे स्लॅबखाली केलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छताने, थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण तापायचा तो स्लॅब तापतोच. ऊन स्लॅबच्या वर अडवायचं असतं. एकदा ते काँक्रीटमध्ये शिरलं की खाली कितीही नक्षी करा, रात्री ते खोलीतच उतरणार.

हे मला पहिल्या एप्रिलमध्ये कळलं. दुपारी बाहेर ४२-४३ अंश असलं तरी आमचं घर त्या मानाने बरं वाटायचं. खरा त्रास रात्री दहाला. बाहेर वारं सुटलेलं, रस्त्यावर लोक शतपावली करतायत, आणि आमच्या वरच्या खोलीत पंखा लावला की अंगावर गरम वाफ. स्टुलावर चढून छताला हात लावला तर पोळी काढलेल्या तव्यासारखं कोमट. दिवसभर पाच इंची स्लॅबने जे पिऊन ठेवलं ते आता ओकत होता. पश्चिमेच्या नऊ इंची भिंतीचंही तेच. दुपारचं ऊन तिच्यातून पार व्हायला इतके तास लागतात की ते नेमकं झोपायच्या वेळेला आत पोचतं. म्हणून "दुपारी घर गार आहे का" हा प्रश्नच सोडा. नकाशा बघताना रात्री दहाचा विचार करा.

आता ऊन येतं कुठून ते बघा. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात बातमीही असते. तिथून ऑगस्ट लागेपर्यंत दुपारचा सूर्य उलट उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे ज्या दक्षिणेच्या भिंतीला लोक घाबरतात, तिच्यावर ऐन मे महिन्यात फारसं ऊन पडतच नाही. तिथे दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, आणि डिसेंबरात त्याच खिडकीतून कोवळं ऊन आत येतं. पूर्वेचं ऊन सकाळी तापवतं, पण रात्रीपर्यंत ती भिंत निवते. शत्रू दोनच: गच्ची आणि पश्चिम.

इथे आमचा घोळ झाला. वडिलांनी वास्तूवाल्याला बोलावलं, त्याने मालकाची खोली नैऋत्येला आणि देवघर ईशान्येला सांगितलं. परिणाम असा, की देव ईशान्येच्या गारव्यात आणि आम्ही नैऋत्येच्या भट्टीत. आता एप्रिल-मेमध्ये गाद्या उचलून देवघरासमोरच्या पॅसेजमध्ये टाकतो. वास्तू मानू नका असं मी म्हणणार नाही, घरात वडीलधारी असतात. पण तुमच्याकडे नैऋत्येलाच बेडरूम ठरली, तर ती खालच्या मजल्यावर घ्या, आणि तिच्या पश्चिम भिंतीला आतून पूर्ण उंचीचं कपाट करा. कपड्यांनी भरलेलं कपाट म्हणजे भिंतीला घातलेली गोधडीच. जिना, संडास-बाथरूम, स्टोअर हे सगळं पश्चिमेला ढकला. तुमचा तर रस्ताच पश्चिमेला, म्हणजे हॉल पुढे येणार. मग पुढे निदान पाच-सहा फूट खोल पोर्च किंवा बाल्कनी हवीच, आणि गेटजवळ एक कडुनिंब आजच लावा, घर पुरं होईपर्यंत तोही डोक्याएवढा होईल.

गच्चीबद्दल जरा सविस्तर लिहितो. मंगळवेढ्याला आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं. दोन हात जाडीच्या भिंती, लाकडी तुळयांवर किलच्या-फळ्या, त्यावर हातभर माती आणि सगळ्यात वर पांढरी माती. दर मृगाआधी आजोबा नवी पांढरी टाकून चोपून घ्यायचे. मध्ये एक सवणं, त्यातून उजेड यायचा आणि चुलीचा धूर, गरम हवा वर निघून जायची. मे महिन्यात दुपारी तिथे चटई टाकली की झोप लागायची, आणि पंखा नव्हता. सोलापुरात कसब्यातल्या जुन्या घरांत अजून अशी माळवदं दिसतात. ती आता कोण बांधणार? पण त्यातल्या तीन गोष्टी स्लॅबवर करता येतात: वर जाड थर, त्याचा रंग पांढरा, आणि गरम हवेला वरून वाट.

जाड थर म्हणजे ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून, उतार काढून वर गुळगुळीत थर. गळतीही थांबते, ऊनही अडतं. मात्र त्याचं वजन बरंच असतं, ते स्लॅबच्या डिझाइनमध्ये आधीच धरायला स्लॅबचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला सांगा. त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक. आम्ही पैसे संपले म्हणून कोब्यावर थांबलो. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये नुसता चुना, त्यात थोडा फेविकॉल, असे दोन हात मारले, आणि त्याच आठवड्यात रात्रीचा फरक कळला. दरवर्षी मारावा लागतो, पहिल्या पावसात बराच धुऊन जातो, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. दुपारी त्या गच्चीवर डोळे दिपतात, तेवढं सोसा.

गरम हवेची वाट म्हणजे जिन्याची टोपी, गच्चीवर जिना निघतो तिथली छोटी खोली. लोक ती बंद डब्यासारखी बांधतात. तिच्या वरच्या बाजूला समोरासमोर जाळीचे झरोके ठेवा, पावसासाठी तिरक्या पट्ट्या लावा. रात्री खालच्या खिडक्या उघडल्या की घरातली हवा जिन्यातून वर ओढली जाते. आमच्या जिन्यात उदबत्ती धरली तर धूर सरळ वर पळताना दिसतो.

खिडक्यांचं थोडक्यात. स्लायडिंग खिडकी चार फुटांची घेतली तरी उघडते दोनच फूट. पैसे पूर्ण खिडकीचे, वारा निम्म्या. बेडरूमला तरी पाखं बाहेर उघडणाऱ्या खिडक्या घ्या, जाळी आतून. सकाळी नऊच्या आत सगळं बंद, अंधार; संध्याकाळी बाहेरची हवा निवली की सताड उघडं. आपल्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक चांगला पडतो, तो असा वापरायचा. पश्चिमेला खिडक्या लहान ठेवा, पण ठेवाच, कारण पावसाळी वारं तिकडूनच येतं.

एसी नको तर कूलर लागेल, आणि आपली हवा कोरडी असल्याने तो इथे छान चालतो. पण त्याची जागा बांधतानाच ठरवा: उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीबाहेर लोखंडी अँगल, शेजारी प्लग, पाण्याची तोटी, खाली निचरा. आणि समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात चिकचिक होते, आणि मग लोक कूलरला नावं ठेवतात. बोअरचं पाणी घातलंत तर क्षाराने पॅड पांढरेफटक होतात, महिन्याला धुवा. हेच पाणी सोलर हीटरच्या नळ्याही भरून टाकतं, त्यामुळे हीटर घ्यायचा तर जड पाण्यासाठी वेगळा येतो तो विचारून घ्या. आणि तो बाथरूमच्या बरोबर वर बसवा. पाइप लांब गेला की गरम पाणी येईपर्यंत बादलीभर पाणी वाहून जातं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ते परवडत नाही.

शेवटी माझी सगळ्यात महाग चूक. आमचा स्लॅब एप्रिलात पडला. पहाटे सहाला सुरू करायचं ठरलं होतं, मिक्सर आला अकराला. भर उन्हात, वाऱ्यात काँक्रीट ओतलं आणि संध्याकाळीच वर केसासारख्या भेगा दिसायला लागल्या. मुकादम म्हणाला, "काय होत नाही ओ, प्लास्टरमध्ये झाकतंय." त्यात पाणी मारायला टँकर मिळेना, स्लॅबवर मालाचे छोटे बांध घालून, आळी करून सहा दिवस कसंबसं पाणी ठेवलं. पहिल्याच जूनमध्ये हॉलच्या कोपऱ्यात ओल उतरली. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आणि उन्हाळा असेल तर १४ दिवस पाणी हवं, त्याची सोय आधी, मगच स्लॅबची तारीख. जमलं तर दिवाळीनंतर घाला.

पाया विचारला नाहीत, पण काळी माती लागली तर कडक मुरूम लागेपर्यंत खणा. आमच्याकडे साडेचार फुटांवर लागला, काँट्रॅक्टर तीनवर थांबायला निघाला होता. जोत्यात भर मुरमाचीच, खणून काढलेली काळी माती परत आत टाकू देऊ नका.

तुमच्या उत्तर-दक्षिणेला शेजारी बांधून झालंय का, आणि कडेला किती फूट सोडताय, ते लिहा. खिडक्या कुठे काढायच्या ते त्यावर ठरेल.