आधी गावाचं वर्ष शीक

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

चिखलदरा तालुक्याच्या वरच्या पट्ट्यातल्या आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं वाचून फार बरं वाटलं. पत्रात तू बरंच काही विचारलंस. राहायचं कुठे, भाषा कशी निभावायची, वाघाची भीती आहे का. पण खरी काळजी एकाच ओळीत होती, लोक माझं ऐकतील का. त्याचं उत्तर आधी देते. लोक ऐकतात. पण पोटाची आणि पाण्याची ओढाताण चालू असते त्या महिन्यात तुझा सल्ला कितीही बरोबर असला तरी त्यांच्या हातात तो पाळणं नसतं. म्हणून औषधांचा साठा मोजण्याच्याही आधी गावाचं वर्ष शीक. कुठल्या महिन्यात गावात कोण असतं, कोण नसतं, घरात धान्य किती उरतं, पाणी कुठून येतं. आरोग्य खात्यात सगळी नोकरी याच डोंगरात केल्यावर तुला देण्यासारखं माझ्याकडे हेच आहे.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्याचे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सातपुड्याच्या गाविलगड रांगेतले. धारणीकडची जमीन उतरत तापीच्या खोऱ्यात जाते, चिखलदऱ्याकडचं पठार १,१०० मीटरच्या वर चढतं. पर्यटक पॉइंट बघतात, कॉफी पितात आणि परतवाड्याला उतरतात. तुझं गाव त्याच्या पलीकडे, घाटाच्या वळणांमागे आहे. वस्ती बहुतेक कोरकूंची. सोबत गवळी, गोंड, निहाल अशी घरंही भेटतील. कोरकू गावात समोरासमोर दोन ओळींत घरं आणि मधे रुंद रस्ता असतो. तू एका टोकाने शिरलीस की दुसऱ्या टोकाला कळतं सिस्टर आली. त्याचा फायदा घे. पहिल्या दिवशी रजिस्टर न उघडता या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चालून ये, प्रत्येक ओट्यावर दोन शब्द बोल.

भाषेची धास्ती घेऊ नकोस. कोरकू ही मराठीच्या घरची नाही. तिचं नातं संथाली-मुंडारीशी आहे, त्यामुळे कानावरून अंदाज बांधता येणार नाही. बाहेरच्यांशी लोक निमाडी वळणाच्या हिंदीत बोलतात, पण आजारी लेकराची आई घाबरली की कोरकूतच बोलते. जुलाब किती वेळा झाले, दूध पितंय का, लघवी झाली का, ताप कधीपासून, एवढे प्रश्न आशाताईकडून कोरकूत शिकून घे. उच्चार चुकला तर बाया हसतील. हसू दे.

आता वर्ष. ते जूनपासून मोज, कारण तिथलं सगळं पावसावर सुरू होतं. खालच्या वऱ्हाडाच्या सपाटीपेक्षा वर कितीतरी जास्त पाऊस पडतो. नाले भरले की काही गावं तासन् तास, कधी दिवसन् दिवस तुटतात. म्हणूनच पावसाळ्याआधी रेशनचं धान्य गावांत पोचवून ठेवायची पद्धत नवसंजीवन योजनेत, १९९५ पासून, घातली गेली. तुझा औषधसाठाही त्याच हिशेबाने मे महिन्यातच भरून घे. ओआरएस, झिंक, मलेरियाच्या तपासणी किट, पाणी शुद्ध करायची क्लोरीनची टीसीएल पावडर. नंतर मागणी पाठवीन म्हणशील तर गाडी नाल्याच्या अलीकडे थांबलेली असेल.

जुलै-ऑगस्ट हे सगळ्यात वाईट महिने. मागच्या हंगामाचं धान्य संपलेलं असतं, नवीन पीक शेतात हिरवं असतं, निंदणीचं काम अंगावर असतं. आई सकाळी शेतात जाते ती संध्याकाळी येते, लहान बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्याच वेळी मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया. उपाशी लेकराला जुलाब लागले की ते दोन दिवसांत कोमेजतं. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता, तेव्हापासून मेळघाट म्हटलं की लोकांना कुपोषण एवढंच आठवतं. मला याचं फार वाईट वाटतं. इथल्या माणसांना लेकरांची माया कमी आहे, असा समज करून शहरातले लोक बोलतात. माया कमी नसते, त्या दोन महिन्यांत घरात खायला कमी असतं. पूर्वी कुटकी, कोदो, सावा, ज्वारी घरात यायची आणि घरातच खाल्ली जायची. सोयाबीन आलं तसं पीक बाजारात जाऊ लागलं, पैसा हातात येतो तो उसनवारी फेडण्यात जातो. बैरागडला राहिलेले डॉ. रवींद्र कोल्हे डॉक्टर असून शेतीच्या प्रश्नात उतरले ते उगाच नाही. त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हेंना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. जमलं तर त्यांच्याकडे एकदा जाऊन ये.

वजनाचा काटा सगळीकडे पोचत नाही, पण दंडाची पट्टी तुझ्या पिशवीत नेहमी असू दे. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे पट्टी लावायची. आवळायची नाही, लोंबू द्यायची नाही. ११.५ सेंटीमीटरच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. १२.५ पर्यंत पिवळी, म्हणजे मध्यम. हे तुला प्रशिक्षणात शिकवलंय. जे राहून जातं ते पायाचं. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धर आणि उचल. खड्डा राहिला तर पट्टी हिरवी असली तरी ते मूल तीव्र कुपोषित आहे, कारण सुजेने दंड भरलेला दिसतो. गुबगुबीत गाल बघून समाधान मानू नकोस. आणि हे करताना आजी पट्टीकडे बघत नसते, तुझ्या चेहऱ्याकडे बघत असते. लाल आली म्हणून "अरे देवा" तोंडातून गेलं की ती लेकराला पदराखाली घेते, पुढच्या वेळी तुझी चाहूल लागताच घराला कडी. चेहरा शांत ठेव, मूल हातात घे, त्याच्याशी खेळ, मग कुपोषित लेकरांना खाऊपिऊ घालून सावरणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्राचं बोल.

दिवाळीत गावात जीव येतो. मका, कुटकी हाती आलेली असते. घुंगरू बाजार भरतात, थाट्या नाचतात, बासरी-ढोलक रात्रभर. जरूर जा. पण डोळे उघडे ठेव, कारण दिवाळी उलटली की गाव रिकामं व्हायला लागतं. कुणी अचलपूर-परतवाड्याकडे संत्र्याच्या बागांत, कुणी वीटभट्टीवर, कुणी मध्य प्रदेशात, कुणी थेट मोठ्या शहरांत बांधकामावर. गरोदर बाई जाते, सहा महिन्यांचं बाळ जातं, नुकतं लाल पट्टीतून पिवळ्यात आलेलं मूलही जातं. तू म्हणशील, अडवायचं. अडवून खायला कोण देणार? त्यापेक्षा जाण्याआधीच्या आठवड्यात घरोघर फिर. कुणाची कुठली लस कधी येते ते माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिही, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दे, मुकादमाचा फोन नंबर वहीत उतरव. बाळंतपण अंगावर असेल तर ते कुठे करणार हे नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून विचार. लोहाच्या गोळ्या महिनाभराच्या नको, परतेपर्यंत पुरतील एवढ्या दे. "स्थलांतरित" असा शेरा मारून ओळ बंद केलीस की ते मूल कुणाच्याच वहीत राहत नाही.

डिसेंबर-जानेवारीत वर कडाक्याची थंडी पडते. बांबूच्या कुडाच्या भिंतीतून वारा आत येतो. अडीच किलोच्या आतलं बाळ या दिवसांत जन्मलं तर त्याला पहिल्या तासापासून आईच्या उघड्या छातीशी, टोपी-मोजे घालून, वरून घोंगडी. आई थकली की बापाच्या किंवा आजीच्या छातीशी. याला पैसा लागत नाही, वीज लागत नाही. जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालण्याचा आग्रह मात्र दाईजवळ बसून, गोडीत सोडवावा लागतो. दाईला कमी लेखू नकोस. आरोग्य केंद्राच्या माहेरघरात बाळंतपणाच्या आधी येऊन राहायला बाई तयार होते ती बहुतेक वेळा दाईने "जा" म्हटलं म्हणून. घरी दुसरी लहान पोरं, कोंबड्या, शेळ्या कोण बघणार याची सोय लागली नाही तर ती येणार नाही, हेही दाईलाच ठाऊक असतं.

भुमक्याबद्दल, म्हणजे गावच्या पूजा-उपचार करणाऱ्या वैदूबद्दल, तू फार घाबरून लिहिलंस. लेकराचं पोट फुगलं, श्वास लागला की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ही प्रथा वाईट आहे, यात मी तिळभरही सूट देणार नाही. असे प्रकार कळले तर वर कळवायचं, लेकराला त्याच दिवशी दवाखान्यात हलवायचं. पण गावासमोर आईला फैलावर घेऊ नकोस. तिने रात्री दोन वाजता श्वास अडकलेलं बाळ घेऊन कुठे जायचं होतं? फोनला रेंज नाही, रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत उजाडतं. पोटफुगी म्हणतात ती पुष्कळदा न्यूमोनिया असते. बाळाची छाती आत ओढली जाते ती खूण प्रत्येक आईला, प्रत्येक आजीला दाखवून ठेव. भुमक्याच्या घरीही जा, त्याच्या अंगणात बसून त्याला ती खूण दाखव आणि सांग, पूजा तुम्ही करा, पण ही खूण दिसली की मला उठवा, रात्र असली तरी. मान असलेला माणूस आहे. मानाने बोललं की ऐकतो.

होळीला माणसं परततात. पाच दिवस गाव जागं असतं. मेघनाथाची जत्रा भरते, रस्त्यात बाया दोरी आडवी धरून फगवा मागतात. हसून दे आणि त्या घोळक्यात कोण परत आलंय, कुणाच्या कडेवर नवीन बाळ आहे, कुणाचं मूल वाळून आलंय ते बघून घे. वजनांची मोठी फेरी होळीच्या पाठोपाठच्या आठवड्यातच लाव. तेव्हा सगळे घरी सापडतात.

लगेच मोहफुलं. बाया पहाटे अंधारात निघतात, कारण ऊन वर आलं की फुलं सुकतात आणि उशीर झाला तर गुरं-हरणं खाऊन जातात. अस्वलांनाही मोह आवडतो, म्हणून चार-पाच जणी मिळून जातात. या दिवसांत सकाळी गृहभेट ठेवलीस तर ओट्यावर म्हातारी आणि कोंबड्याच भेटतील. तू दुपारी चारनंतर जा. मग मे महिन्यात तेंदूपत्ता, लग्नं, आणि पाणी.

पाण्याचं बघून तुझा जीव तुटेल. एवढा पाऊस पडणाऱ्या डोंगरावर उन्हाळ्यात टँकर लागतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. काळा पाषाण, तीव्र उतार. पाणी मुरत नाही, सिपना, खापरा, गडगा अशा नद्यांनी वाहून तापीकडे जातं. खडीमलसारख्या गावात टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो आणि बाया विहिरीच्या काठावर दाटीने उभ्या राहून दोर सोडतात. टँकर रिकामा होईस्तोवर तळाचं गढूळ पाणी हंड्यात आलेलं असतं. कुठे नाल्याच्या वाळूत झिरा खणतात, तो वाटीवाटीने भरतो. अशा वेळी "पाणी उकळून प्या" एवढं सांगून येऊ नकोस. सरपण कुठून आणायचं तेही सांगावं लागेल. क्लोरीन हाच तुझा मार्ग. ओतलेल्या प्रत्येक टँकरमागे विहिरीत टीसीएल पडलंच पाहिजे, पावडरीचं पाकीट उघडं पडून निकामी झालेलं नाही ना ते तू स्वतः बघ. जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीचं दूषित पाणी पोटात गेलं आणि उलटी-जुलाबाच्या साथीत माणसं दगावली. नळाला पाणी का आलं नाही, पंप का बंद आहे, वीज का तोडली, हे विचारणं तुझ्या कामात बसत नाही असं कुणी म्हटलं तरी विचार. ग्रामसभेत उठून विचार, लेखी दे, पोच घे.

वाघाचं राहिलंच. १९७४ पासून हा व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. अंधार पडल्यावर एकटी चालू नकोस, बस. वाघापेक्षा गावात पुनर्वसनाची चर्चा जास्त ऐकू येईल. आतली बरीच गावं उठून खाली वसली आहेत, काहींचं बरं झालं, काहींचं नाही. या वादात मत देऊ नकोस, पण उठून गेलेल्या गावची बाई तपासणीला आली तर "तुमचं नाव आता इकडे नाही" म्हणून परत पाठवू नकोस.

गमबूट, चांगली छत्री, दोन टॉर्च, पावसात न भिजणारी वह्यांची पिशवी आणि घरचं लोणचं सोबत ने. क्वार्टर गळका असेल, आधी पत्रे बघून घे. तिथे पोचल्यावर आशाताई आणि अंगणवाडी सेविका दोघींना एकाच दिवशी चहाला बोलाव. दोघींच्या याद्या शेजारी ठेव आणि गेल्या दिवाळीनंतर गेलेली, पण होळीला न परतलेली लेकरं आधी काढ. ती यादी झाली की मला फोन कर. रेंज नसेल तर बाजारच्या गाडीने परतवाड्याला येणाऱ्या कुणाच्याही हाती चिठ्ठी दे, माझं घर स्टँडवर कुणीही दाखवेल. खालच्या भागात अजून माझ्या ओळखीच्या नर्सा आहेत, नावं मिळाली की मी त्यांना विचारायला लागते.

तुझी,
ताई