रिस्टोअर करताना एरर ३१९४ येतोय? आधी लॅपटॉप तपासा

प्रश्न : बाबांचा आयफोन ६ आहे, ते गेल्यापासून कपाटातच पडून होता. परवा चार्ज करून चालू केला तर सफरचंदावरच अडकून बसलाय. जुन्या लॅपटॉपला लावून आयट्यून्समधून रिस्टोअर मारलं, तीनदा, तिन्ही वेळा एरर ३१९४. याच लॅपटॉपवर भाऊ पूर्वी जेलब्रेक (ॲपलने फोनवर घातलेली बंधनं काढणं) वगैरे करायचा. फोनमध्ये बाबांचे फोटो आहेत, बॅकअप कुठेच नाही. पासकोड माहितीये. काही होईल का?

उत्तर : सगळ्यात आधी रिस्टोअरचं बटण दाबणं थांबवा, प्लीज. रिस्टोअर म्हणजे फोन पूर्ण पुसणं, आणि तुम्हाला तेच नकोय. पण धीर सोडू नका, कारण ३१९४ साधारण पुसायच्या आधीच येतो. त्याचं असंय की आयओएस टाकण्याआधी आयट्यून्स ॲपलच्या सर्व्हरकडून त्या फोनपुरती सही (डिजिटल परवानगी) मागतं, सही आली तरच गाडी पुढे जाते, आणि ती आली नाही की ३१९४. म्हणजे बऱ्याचदा फोनचा दोषच नसतो.

तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय त्या जेलब्रेकवर आहे. त्या काळी टायनीअम्ब्रेलासारखी टूल्स विंडोजच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ घालायची, त्यामुळे ॲपलच्या सर्व्हरकडे जाणारी विनंती भलतीकडेच वळायची, आणि टूल काढून टाकलं तरी ती ओळ मागे राहू शकते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये होस्ट्स फाईल आहे (दिसत नसेल तर नोटपॅडमध्ये ‘ऑल फाईल्स’ निवडा), तिच्यात जीएस डॉट ॲपल डॉट कॉम असलेली ओळ दिसली की उडवा, सेव्ह करा, लॅपटॉप रीस्टार्ट. लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही बघा, आयट्यून्स अपडेट करून घ्या. किंवा सरळ दुसरा एखादा कम्प्युटर घ्या, मला तर तेच जास्त सोपं वाटतं.

मग फोन केबलने जोडून होम आणि पॉवर ही दोन्ही बटणं एकत्र दाबून धरा. मध्ये सफरचंद दिसेल तेव्हा सोडायची नाहीत, रिकव्हरी स्क्रीन येईपर्यंत धरायची. आयट्यून्स विचारेल अपडेट की रिस्टोअर, तिथे अपडेट. अपडेटमध्ये आयओएस नव्याने बसतं पण डेटा राहतो. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन रिकव्हरीतून बाहेर पडू शकतो, घाबरायचं नाही, डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणं पुन्हा दाबा. नेटवरून जुन्या आयओएसची फाईल आणून टाकू नका, तिला ॲपलची सही मिळत नाही, परत ३१९४च येईल. आयफोन ६ तसाही आयओएस १२च्या पुढे जात नाही.

अपडेट करताना ४०१३ किंवा ४०१४ आला तर मामला वेगळा, मध्येच कनेक्शन तुटतंय. ओरिजिनल केबल वापरा, यूएसबी हब काढून थेट पोर्टला लावा. तरीही तेच आलं तर बोर्डात बिघाड असू शकतो, मग डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या, आणि ‘फोन चालू नाही झाला तरी चालेल, पण पुसायचा नाही’ हे देतानाच स्पष्ट सांगा. फोन चालू झाला तर दुसरं काही करण्याआधी फोटो दोन ठिकाणी कॉपी करा.

प्रश्न : होम बटण बदलल्यावर एरर ५३ आला होता, तेव्हापासून फोन बंदच. आता भंगारात देऊ का?

उत्तर : अजिबात नको. फेब्रुवारी २०१६मध्ये ॲपलने आयओएस ९.२.१ची सुधारित आवृत्ती काढली तेव्हाच यावर उपाय आला. आयट्यून्स अपडेट करा आणि आत्ता मिळतंय ते आयओएस टाका. फोन चालेल, टच आयडी (बोटाच्या ठशाने फोन उघडणं) मात्र त्या बटणावर चालणार नाही, पासकोडवर भागवावं लागेल.