वाचकांचे प्रश्न : डिस्क जोडताच संगणक का कोसळतो?

प्रश्न : नौपाड्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या पावसाळ्यात छायाचित्रे उतरवून घेत असताना वीज गेली आणि तेव्हापासून एक बाह्य हार्ड डिस्क लावली की विंडोजवर निळा पडदा येतो. भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. डिस्क उघडताक्षणी तोही बंद पडला. एका दुरुस्तीवाल्याने रॅम बदलण्यास सांगितले, दुसऱ्याने डिस्क फॉरमॅट करण्यास. डिस्कवर ग्राहकांच्या लग्नांची छायाचित्रे आहेत. एक डिस्क बिघडली म्हणून सगळा संगणकच का कोसळावा, आणि आता काय करावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)

उत्तर : फॉरमॅट करू नका आणि रॅमवरही खर्च करू नका. संगणक दोन, कार्यप्रणाली दोन आणि दोन्ही कोसळतात ते त्याच एका डिस्कपाशी, असे असताना रॅमला दोष देण्यास आधार उरत नाही.

आपली तक्रार रास्त आहे. डिस्क बिघडणे हा डिस्कचा दोष; पण तिच्यामुळे संगणक कोसळणे हा कार्यप्रणालीचाच दोष मानला पाहिजे. कोणती फाइल कोठे आहे, मोकळी जागा किती, शेवटचे लेखन पुरे झाले होते की नाही, हे सर्व डिस्कवरच आकड्यांच्या रूपात नोंदलेले असते आणि डिस्क माउंट करताना, म्हणजे वापरासाठी उघडताना, कार्यप्रणाली या नोंदी वाचून त्यांवर विसंबते. हे वाचणारा फाइल सिस्टिमचा (या नोंदींच्या मांडणीचा) ड्रायव्हर, म्हणजे ती हाताळणारा प्रोग्राम, विंडोज आणि लिनक्समध्ये बहुधा कर्नेलमध्ये, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या गाभ्यात, चालतो. साध्या प्रोग्रामने मेमरीत भलत्या जागी हात घातला तर कर्नेल तो प्रोग्राम बंद करून मोकळा होतो. मात्र खुद्द कर्नेलच डिस्कवरील खोट्या आकड्याच्या मागे जाऊन भलत्या जागी पोहोचला, तर त्याला आवरणारे वर कोणी नसते. पुढे जाऊन आणखी नासधूस करण्यापेक्षा थांबलेले बरे, म्हणून विंडोज निळा पडदा दाखवते आणि लिनक्समध्ये कर्नेल पॅनिक होते. निळ्या पडद्यावर ‘एनटीएफएस फाइल सिस्टिम’ (एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम) असा संकेत दिसत असेल, तर संशय आणखी बळावतो.

ड्रायव्हर काहीच तपासत नाही, असे नाही. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत २०१२ पासून अशा नोंदींसोबत तपासबेरीज (नोंदीवरूनच काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे आपोआप बिघडलेली नोंद बहुतेक वेळा पकडली जाते. पेनड्राइव्हवर सर्रास आढळणाऱ्या जुन्या फॅट पद्धतीत मात्र अशी तपासबेरीजच नाही. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये सुरक्षा-संशोधकांनी रोज एक याप्रमाणे निरनिराळ्या कर्नेलांतील दोष जाहीर केले होते. त्यांतील बरेचसे मुद्दाम बिघडवलेली फाइल सिस्टिम माउंट केल्यावर उघड होणारे होते. तो प्रकार आजही संपलेला नाही. म्हणूनच कोठून आली हे ठाऊक नसलेली डिस्क कामाच्या संगणकाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्वचित कोसळणे हुकमाबरहुकूमही असते : एक्स्ट४ मध्ये दोष आढळल्यास पुढे चालू राहावे, लेखन बंद करून केवळ वाचावे की पॅनिक करून थांबावे, हे आधीच ठरवून ठेवता येते. सर्व्हरसाठी तिसरा पर्याय समजण्यासारखा आहे. स्टुडिओतील संगणकावर तो निव्वळ त्रास आहे.

आता आपल्या डिस्कविषयी. ती पुन्हा माउंट करू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर आपोआप माउंट होण्याची सोय आधी बंद करावी आणि मगच केबल जोडावी. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर तेथेच थांबून विदा (डेटा) परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे जावे. घरगुती प्रयोगांत प्लॅटर (डिस्कमधील तबकड्या) खरवडले गेले, तर त्यालाही फारसे काही करता येत नाही. आवाज नसेल, तर जीएनयू डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या, तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. हे साधन फाइल सिस्टिमकडे पाहतच नाही. ते आधी नीट वाचता येणारे भाग उचलते, अडणारे भाग नंतरसाठी ठेवते आणि कोठवर आलो याची नोंद एका फाइलीत ठेवते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम तेथूनच पुढे सुरू करता येते. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी मूळ डिस्कवर चालवू नये. ती दुरुस्ती म्हणून डिस्कवरच लिहिते आणि गोंधळलेल्या नोंदी कधीकधी कायमच्या पुसून टाकते.

पुढील सर्व काम प्रतीवर करावे, तेही आभासी यंत्रात, म्हणजे संगणकातच प्रोग्रामने उभारलेल्या दुसऱ्या संगणकात. कोसळलेच तर ते यंत्र कोसळेल, आपला संगणक नाही. आपल्याला केवळ छायाचित्रे हवी आहेत, त्यामुळे माउंट करण्याची गरजही कदाचित पडणार नाही. फोटोरेक हे साधन बिघडलेल्या नोंदी बाजूला ठेवून जेपेगसारख्या फाइलींची ठरावीक सुरुवात शोधत जाते. फाइलींची मूळ नावे आणि फोल्डर जातात, आणि तुकड्यांत विखुरलेल्या फाइली अर्धवट निघतात. पण छायाचित्रात तारीख नोंदलेली असल्यास कोणते लग्न कोणाचे, हे लावून घेता येते.

प्रश्न : जुनी डीव्हीडी घातली की संगणक कोसळत नाही, पण मिनिटेच्या मिनिटे अडकून बसतो. तोही हाच प्रकार का?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : नाही. आपल्या डीव्हीडीवरील नोंदी खोट्या नसून त्या वाचताच येत नाहीत. ड्राइव्ह एकेका सेक्टरसाठी (तबकडीवरील छोट्या भागासाठी) पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, तो हरला की कार्यप्रणाली पुन्हा मागणी करते, आणि तोवर वाट पाहणारा प्रोग्राम सहसा सक्तीनेही बंद होत नाही. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलाकार पुसू नये. मग ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसऱ्याला वाचता येणे मुळीच दुर्मीळ नाही.