कोणी नुसत्याच पोकळ धमक्या देत असेल तर इंग्लिशमध्ये काय म्हणतात? सेबर-रॅटलिंग, पेपर टायगर, ऑल बार्क अँड नो बाइट हे सगळं एकच ना?

नाही, एकच नाही, आणि सेबर-रॅटलिंगच्या बाबतीत तर बरेच लोक चुकतात म्हणून त्याच्याबद्दलच जास्त लिहितो.

सेबर-रॅटलिंग म्हणजे म्यानातली तलवार खडखडवणे. यात तलवार खरी असते हे लक्षात घ्या. उपसलेली नाही एवढंच. त्यामुळे सैन्य, क्षेपणास्त्रं, सीमेवरचे युद्धसराव असलं काही मागे असेल तेव्हाच हा शब्द शोभतो, युक्रेन युद्धात रशियाच्या अणुबॉम्बच्या इशाऱ्यांना पेपरवाले न्यूक्लिअर सेबर-रॅटलिंग म्हणतात ते यामुळेच. आपलं दंड थोपटणं याच्या बरंच जवळ जातं. आणि धमकी पोकळच आहे असं हा शब्द अजिबात सांगत नाही. चिलीमध्ये सप्टेंबर 1924 मध्ये तरुण लष्करी अधिकारी थेट सिनेटच्या गॅलरीत जाऊन बसले होते, कारण कामगारांचे वगैरे कायदे वर्षानुवर्षं रखडवून खासदार स्वतःच्या भत्त्याची चर्चा करत होते, आणि बाहेर पडताना त्यांनी खरोखरच तलवारी खडखडवल्या. पुढच्या काही दिवसांतच रखडलेले कायदे झटपट पास झाले, राष्ट्राध्यक्ष अलेस्सांद्री देश सोडून गेले आणि सत्ता लष्कराकडे गेली. स्पॅनिशमध्ये आजही बंडाच्या कुजबुजीला तलवारींचा आवाज म्हणतात.

पेपर टायगर उलटा. तिथे ताकदच खोटी, दिसायला वाघ पण कागदाचा. मूळ चिनी शब्द, जगभर पोचला तो चीनचा कम्युनिस्ट नेता माओ याच्यामुळे, 1946 मध्ये अ‍ॅना लुईस स्ट्राँग या अमेरिकन पत्रकार बाईंना मुलाखत देताना त्याने अमेरिकेला आणि अणुबॉम्बलासुद्धा कागदी वाघ म्हटलं. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेल्या पेचप्रसंगानंतर डिसेंबर 1962 मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने त्याला उत्तर दिलं की या कागदी वाघाला अणूचे दात आहेत. मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं, कारण समोरच्याला पेपर टायगर म्हणणं हा आपला अंदाज असतो, तो चुकला की किंमत मोजावी लागते.

ऑल बार्क अँड नो बाइट हे माणसाच्या स्वभावाबद्दल, आपल्या गर्जेल तो पडेल काय सारखं. हिज बार्क इज वर्स दॅन हिज बाइट मात्र वेगळं हं, त्यात थोडी मायाच असते, म्हणजे ओरडतो फार पण मनाने वाईट नाही.

समजा तुमचा बॉस दर आठवड्याला नोकरीवरून काढून टाकेन म्हणतो आणि काहीच करत नाही, तर त्याला सेबर-रॅटलिंग नका म्हणू, फार मोठा शब्द होतो तो. एम्प्टी थ्रेट म्हणा, सरळ आहे आणि ऑफिसात कुठेही चालतं.