राख अंगणात पडते. तपासायचं नेमकं काय?

प्रश्न : आम्ही कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राजवळ राहतो. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसते. घरातल्या सगळ्यांचं 'हेवी मेटल प्रोफाइल' (शिसं, आर्सेनिक अशा जड धातूंची एकत्र तपासणी) करून घ्यावं का?

ताई, सरसकट नको. आधी धातू ठरवा, मग नमुना. शिसं रक्तात बघतात. आर्सेनिक रक्तात फार वेळ थांबत नाही, म्हणून त्यासाठी लघवी तपासतात. त्याआधी चार दिवस मासे-झिंगे बंद ठेवा. समुद्री माशांतलं निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवतं आणि घरभर उगाच घबराट होते. कॅडमियम मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षं ठाण मांडून बसतं. लघवीतून त्याचा जुना साठा कळतो, रक्तातून अलीकडचा. कोणी बिडी ओढत असेल तर ते आवर्जून सांगा, तंबाखूतही कॅडमियम असतं.

पण तुमच्या घरी मी आधी विहिरीचं पाणी तपासेन. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला होता, हे तुम्हाला आठवत असेल. राखेतलं आर्सेनिक पाण्यात उतरू शकतं.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. बोटातून रक्त घेतलं, शिसं डेसीलीटरला ९ मायक्रोग्रॅम आलं. त्याचे बाबा जुन्या बॅटऱ्या तोडण्याच्या कामावर आहेत. औषध सुरू करायचं का?

नाही. आधी शिरेतून रक्त घेऊन खात्री करा. बोटावरची धूळ नमुन्यात मिसळू शकते. डेसीलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसं बाहेर काढणारं औषध लहान मुलांना ४५ मायक्रोग्रॅमपासून पुढे.

अशाच एका घरी मी बाबांच्या चपला काढायच्या जागी ओला पांढरा रुमाल फिरवला. एकदा फिरवताच तो काळा झाला. धाकटं बाळ तिथेच रांगत होतं. म्हणून बाबांनी कपडे-चपला कामावरच बदलाव्यात, अंघोळ करून मगच लेकराला उचलावं. ते कपडे वेगळे धुवा. केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. लेकराचं पोट रिकामं ठेवू नका. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला महिनाभर लागतो. हाडांत मुरलेलं मात्र झिरपत राहतं, त्यामुळे फेरतपासणीत आकडा सावकाश उतरला तरी धीर सोडू नका.

प्रश्न : केसांची तपासणी स्वस्तात होते. चालेल?

माशांतल्या पाऱ्यासाठी चालते. राखेच्या गावात नको, बाहेरची धूळच मोजली जाईल.

प्रश्न : ग्रामपंचायतीला तपासणी शिबिर घ्यायचंय. काय सांभाळावं?

कारखान्यापासून दूरच्या, तशाच राहणीच्या एखाद्या गावातले नमुनेही घ्या, नाहीतर तुमचे आकडे कशाशी ताडून बघणार? दोन्हीकडचे नमुने एकाच प्रयोगशाळेत द्या आणि लघवीत क्रिएटिनिनही मोजायला सांगा, त्यावरून लघवी किती पातळ किंवा दाट आहे ते कळतं. लहान मुलं आणि गरोदर बाया आधी.

आणि अहवाल ज्याचा त्याच्या हातात. एका शिबिरात मी स्वतः रक्त काढलं, ते कागद कपाटातच राहिले. त्या आया अजून रस्त्यात विचारतात, "डॉक्टर, आमचं काय झालं?" तेव्हा किती दिवसांत घरोघरी अहवाल पोचतील, ते पहिली सुई टोचण्याआधी ठरावात लिहून घ्या.